वर्गात डिजिटल नकाशे : नुसते दाखवायचे की मुलांकडून करून घ्यायचे? (नागपूरचे शिक्षक, पालक, सगळ्यांनी लिहा)

भूगोलवाली_धरमपेठ :
नमस्कार मंडळी. मी आठवी ते दहावीला भूगोल शिकवते, इथेच नागपुरात. बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून धागा काढतेय. आता कितीतरी शाळांत प्रोजेक्टर आलेत, मोठे टच पॅनल आलेत, आणि भूगोलाच्या तासाला गूगल अर्थ उघडायचं, पृथ्वी गरगर फिरवायची, आपल्या शाळेच्या गच्चीपर्यंत झूम करायचं, मुलं आनंदाने ओरडतात, तास संपतो. दुसऱ्या दिवशी त्याच मुलांना विचारा की आपली नाग नदी कुठून येते नि कुठे जाते. अर्धा वर्ग गप्प, उरलेले म्हणतात मुंबईकडे जाते, कारण समुद्र म्हटला की त्यांच्या डोळ्यासमोर मुंबईच येते.

माझं म्हणणं इतकंच आहे की नकाशावर मुलांचा हात चालला पाहिजे. रेघ ओढा, मोजा, खूण करा, पुसा, परत ओढा. तेवढं झालं नाही तर पॅनल कितीही मोठा असो, मुलांसाठी तो टीव्हीच.

मी काय करते ते सांगते. चार-पाच मुलांचा गट, एक कॉम्प्युटर, आणि काम एकच, नाग नदीवर रेघ ओढत जायची. सुरुवात वाडीच्या बाजूच्या लाव्हाच्या टेकड्यांपासून, मग अंबाझरी तलाव, मग शहराच्या मधून. शहरात नदी शोधणंच मुलांना कठीण जातं कारण कुठे पूल, कुठे भिंत, कुठे दोन्ही बाजूंनी घरं चढलेली. पूर्वेला पुढे गेलं की पिवळी नदी येऊन मिळते आणि दोघी मिळून कन्हानला जातात. इथे बहुतेक गट म्हणतात झालं मॅडम. मी म्हणते कन्हान कुठे जाते? मग परत सुरू. कन्हान वैनगंगेत, समोर गोसीखुर्दचं धरण, म्हणजे आपल्या शहराचं सांडपाणी कुठे जाऊन साठतं ते मुलं स्वतःच्या डोळ्यांनी पाहतात आणि त्यावर मला एक वाक्यही बोलावं लागत नाही. पुढे वर्धा नदी येऊन मिळते, तिथून नाव प्राणहिता, मग सिरोंचाजवळ गोदावरी, आणि शेवटी बंगालचा उपसागर. मुंबईचं नाव कुठेच येत नाही. एकदा ही रेघ स्वतः ओढली की पूर्ववाहिनी नदी म्हणजे काय हे पाठ करावं लागत नाही.

तर तुम्ही काय करता, कोणती साधनं वापरता, अडचणी काय येतात, सविस्तर लिहा. एका ओळीचे प्रतिसाद नकोत प्लीज.

निवृत्त_महाल :
मॅडम, धागा चांगला काढलात. मी आयुष्यभर भूगोलच शिकवला, तेव्हा थोडी उलटी बाजू मांडतो, राग मानू नका.

स्क्रीनवरच्या नकाशात प्रमाण हरवतं. कागदावर 1:50,000 लिहिलं असलं की 1 सेंटिमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर, पट्टी ठेवली की संपलं, आणि तो अर्धा किलोमीटर मुलाच्या बोटात बसतो. स्क्रीनवर दोन बोटं पसरली की प्रमाण बदललं, परत चिमटीत घेतलं की परत बदललं. कोपऱ्यात ती छोटी रेघ असते प्रमाणाची, तिच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. माझ्या नातीला विचारलं घरापासून शाळा किती लांब, तर म्हणते अकरा मिनिटं. अंतर विचारलं होतं, तिने वेळ सांगितली, कारण फोन तिला वेळच दाखवतो.

म्हणून माझी विनंती अशी की डिजिटलच्या आधी किंवा त्याच्या जोडीला कागद ठेवा. सर्व्हे ऑफ इंडियाच्या संकेतस्थळावर नोंदणी करून टोपोशीटची, म्हणजे चढउतार, नद्या, रस्ते दाखवणाऱ्या मोजणीच्या नकाशाची, पीडीएफ उतरवता येते. नागपूर शहराचा जुन्या पद्धतीचा क्रमांक 55 ओ/4. हा क्रमांकसुद्धा मुलांकडून काढून घेता येतो, 55 म्हणजे चार अंश बाय चार अंशाचा चौकोन, त्याचे सोळा भाग ए पासून पी पर्यंत, आणि त्यातल्या ओ चे परत सोळा. 79 पूर्व रेखांश आपल्या पश्चिमेला वाडीच्या आसपासच जातो, म्हणजे तिथून थोडं पलीकडे गेलं की शीट बदलते, 55 के/16 लागते. ज्या मुलाने हे स्वतः मोजून काढलं त्याला अक्षांश-रेखांश जन्मभर शिकवावे लागत नाहीत.

आणि नागपूरच्या पोरांना तर मोजणीचा इतिहास घराशेजारीच आहे. झिरो माइलचा दगड, ज्याला लोक भारताचा मध्य म्हणतात, तो 1907 चा, ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हेचा, म्हणजे त्रिकोण मोजत मोजत केलेल्या भारताच्या मोजणीचा. तो सर्व्हे 1802 मध्ये मद्रासकडून सुरू करणारा विल्यम लॅम्बटन 1823 मध्ये आपल्या हिंगणघाटला वारला, तिथेच पुरला. साखळी आणि थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचं यंत्र, घेऊन माणसं इतकी वर्षं चालली तेव्हा आज बोटाने सरकवायला नकाशा मिळतोय, हे मुलांना सांगितलंच पाहिजे.

भूगोलवाली_धरमपेठ :
सर, राग कसला, प्रमाणाचा मुद्दा अगदी खरा आहे. मी आता असं करते की स्क्रीनवर मोजायच्या आधी अंदाज लिहून घेते. शाळेपासून अंबाझरी किती, सरळ रेषेत आणि रस्त्याने. मग मोजायचं. अंदाज आणि माप शेजारी शेजारी लिहिलं की पंधरा दिवसांत अंदाज सुधारतात. पण 55 ओ/4 चा खेळ मी उद्याच घेणार वर्गात, हे सुचलं नव्हतं.

रास्टर_व्हेक्टर :
मी जीआयएसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या नकाशांचं काम करतो, शिक्षक नाही, पण बायको शिक्षिका आहे म्हणून हा विषय घरात रोज असतो. थोडं साधनांबद्दल सांगून राहिलो, कामात पडेल.

शाळेच्या लॅबमध्ये जुने विंडोजचे कॉम्प्युटर असतील तर गूगल अर्थ प्रो टाका, 2015 पासून फुकट आहे. ब्राउझरवालं अर्थ हलकं आहे पण प्रोमध्ये एक भारी गोष्ट आहे, रेघ ओढली की तिचा उंचीचा आलेख निघतो. सेमिनरी हिल्सच्या टेकडीवरून फुटाळा तलावापर्यंत एक रेघ ओढायला लावा, चढउतार समोर दिसतो, सातवीच्या समोच्चरेषांच्या, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांच्या, धड्याला याच्यापेक्षा चांगलं साधन मला तरी माहीत नाही.

आता सरांनी झिरो माइल काढलंच आहे तर त्यावरूनच एक प्रयोग. तिथल्या दगडाची समुद्रसपाटीपासूनची उंची 1020.171 फूट दिलेली आहे, म्हणजे 310.95 मीटरच्या जवळपास. मुलांना म्हणा गूगल अर्थवर तिथे कर्सर ठेवा आणि आकडा पाहा. तंतोतंत जुळणार नाही, आणि तिथेच शिकवायला खरी मजा आहे. दगडाचा आकडा सर्व्हेवाल्यांनी लेव्हलिंग करत करत, म्हणजे टप्प्याटप्प्याने उंचीतला फरक मोजत, आणलेला, फुटाच्या हजाराव्या भागापर्यंत. असल्या उंचीच्या जागतिक माहितीचा मोठा आधार म्हणजे 2000 च्या फेब्रुवारीत स्पेस शटलमधून अकरा दिवस रडारने घेतलेली मोजणी, आणि तिच्यात साधारण 30 मीटरच्या चौकोनाला एकच उंची असते, त्या चौकोनात इमारत, झाड, रस्ता जे काही असेल ते सगळं एकात मिसळलेलं. म्हणजे स्क्रीनवर दिसणारा प्रत्येक आकडा कोणीतरी कोणत्यातरी पद्धतीने मोजलेला असतो आणि त्या पद्धतीला मर्यादा असते. हे एक जरी पोरांना कळलं ना तरी भूगोल सार्थकी लागला.

ओपनस्ट्रीटमॅपही वापरा. 2004 ला इंग्लंडमध्ये सुरू झालेलं, लोकांनी मिळून केलेला नकाशा. लहान मुलांना थेट त्यावर एडिट करायला लावू नका कारण बदल खऱ्या नकाशात जातो, जगभर दिसतो. त्याऐवजी यूमॅप घ्या, खाली ओपनस्ट्रीटमॅप आणि वर मुलांचा स्वतःचा थर. अकाउंट न उघडताही नकाशा करता येतो, फक्त एडिटची लिंक जपून ठेवावी लागते. मोठी मुलं खऱ्या नकाशात भर घालणार असतील तर एक नियम पक्का सांगा, गूगल मॅपवरून पाहून तिथे उतरवायचं नाही, परवानगी नाही त्याला. स्वतः जाऊन पाहिलेलंच टाकायचं.

आणि एक गंभीर गोष्ट. देशाची बाह्य सीमा दाखवायची असेल तेव्हा सर्व्हे ऑफ इंडियाचाच नकाशा किंवा भुवन हे इस्रोचं नकाशाचं संकेतस्थळ घ्या. ओपनस्ट्रीटमॅपवर जम्मू-काश्मीर, अक्साई चीन या भागात सीमा आपल्या अधिकृत नकाशासारखी नाही. प्रोजेक्टच्या फाइलवर, भित्तिपत्रकावर तसा नकाशा छापला गेला तर कायद्याचा प्रश्न येतो. गल्ली, तालुका, जिल्हा यासाठी काहीच अडचण नाही.

काटोलचा_मास्तर :
सगळं वाचून राहिलो, लय चांगलं लिहिलं सर्वांनी, पण आमच्या इकडची गोष्टही ऐका. जिल्हा परिषदेची शाळा, काटोलच्या पुढे, नेटवर्क कधी राहते कधी नाही, पॅनल आहे तर लाइट नाही. मग काय डिजिटल नकाशा आमच्या पोट्ट्यांसाठी नाहीच का? तर असं नाही. मी एकच फोन वापरतो, माझा स्वतःचा. गावाहून नागपूरला आलो की ऑर्गॅनिक मॅप्स या अ‍ॅपमध्ये सगळा भाग उतरवून ठेवतो, मग नेट नसलं तरी नकाशा चालते नि जीपीएसही चालते, जीपीएसला नेट लागतच नाही हे पुष्कळ शिक्षकांनाही माहीत नसते.

पोट्ट्यांसोबत गावात फिरलो. हापसी, विहिरी, नाला, अंगणवाडी, देऊळ, ट्रान्सफॉर्मर. प्रत्येक ठिकाणी एक पोट्टा फोनवरून अक्षांश-रेखांश वाचणार, दुसरा वहीत लिहिणार, तिसरा हातानं नकाशा काढणार. शाळेत आलो की आलेख कागदावर ते आकडे मांडायचे. बाप्पा, जेव्हा आलेख कागदावर टिंबं पडली नि त्यांच्या हातानं काढलेल्या नकाशासारखाच नाला वाकडा दिसला, तेव्हा त्या पोट्ट्यांचे चेहरे पाहायचे होते तुम्ही. गणित नि भूगोल एकाच दिवशी झाले.

मग पुढचं पाऊल, महाभूनकाशा, म्हणजे सरकारचं जमिनीच्या नकाशांचं संकेतस्थळ. त्यात गाव निवडलं की गट नंबरचा नकाशा येते. ज्याच्या बापाची संत्र्याची बाग आहे त्यानं आपला गट शोधला, मग उपग्रहाच्या फोटोत तीच बाग शोधली. संत्र्याची झाडं वरून पाहिली तर रांगेत टिंबं टिंबं दिसते, कापूस वेगळा दिसते, पडीक वेगळं. एका पोरीनं विचारलं सर ह्या बागेतली मधली झाडं काहून नाहीत? तिथली झाडं वाळली होती. तिच्या बापालाच माहीत होतं, तिनं घरी जाऊन विचारलं नि दुसऱ्या दिवशी वर्गात येऊन सांगितलं. भूगोलाचा धडा घरी गेला ना असा.

म्हणून म्हणतो, साधन कमी असलं तरी होते. फक्त मास्तराला गावात फिरावं लागते.

निवृत्त_महाल :
काटोलचे मास्तर, तुमच्या प्रतिसादाला उभं राहून टाळ्या. तुम्ही कागद आणि फोन दोन्ही एकत्र आणले, मला हेच म्हणायचं होतं.

आई_मानेवाडा :
मी शिक्षिका नाही, सातवीतल्या मुलीची आई आहे. सगळं छान वाटतंय पण दोन शंका आहेत आणि त्या बऱ्याच पालकांच्या मनात असतात. एक, नकाशाच्या निमित्ताने मुलांच्या हातात फोन येतो आणि नंतर तो सुटत नाही. दोन, गेल्या वर्षी ओळखीच्या एका मुलीच्या शाळेत प्रोजेक्ट होता, नकाशावर आपलं घर दाखवा. सगळ्यांनी नावासकट घरं दाखवली आणि त्या नकाशाची लिंक पालकांच्या ग्रुपवर आली, तिथून कुठे कुठे गेली कोण जाणे. कोणती मुलगी कुठे राहते, कुठल्या रस्त्याने शाळेत जाते, हे असं उघड्यावर असणं मला भीतीचं वाटतं. शाळेतल्यांचा हेतू चांगलाच असणार, पण हा विचार आधी कोणी केला नव्हता असं दिसतं.

भूगोलवाली_धरमपेठ :
ताई, तुमची भीती रास्त आहे आणि हा मुद्दा मांडलात ते फार बरं झालं. माझ्या वर्गात घर दाखवायचं नाही, हा पहिला नियम. चौक, बसथांबा, मेट्रो स्टेशन, झाड, तलाव, पाणी साचणारी जागा, जे सगळ्यांचं आहे तेच नकाशावर. मुलांची नावं खुणांना द्यायची नाहीत, गटाचा क्रमांक द्यायचा. नकाशा खाजगी ठेवायचा, लिंक फक्त शिक्षकाकडे, पालकांना दाखवायचा तर शाळेत बोलावून दाखवायचा. फोटो टाकायचा असेल तर माणसांचे चेहरे नकोत, आणि फोनमधला फोटो स्वतःसोबत ठिकाणही घेऊन येतो, म्हणून आधी ते सेटिंग बंद.

फोनचं म्हणाल तर गटात एकच उपकरण, तेही शाळेचं किंवा शिक्षकाचं. काटोलच्या सरांनी लिहिलंय तसं एक वाचणार, एक लिहिणार, एक काढणार. घरी करायचं काम मी फोनवर देतच नाही.

बीएड_करतोय :
मॅडम, माझा प्रश्न आहे. पाठ घ्यायचा आहे नववीला, वितरणाचे नकाशे. टिंब पद्धत, छाया पद्धत, सममूल्य पद्धत. पुस्तकातली उदाहरणं तर आहेतच पण नागपूरचं काही घेता येईल का ज्यात मुलांना हे का करायचं ते कळेल? आणि दहावीला क्षेत्रभेटीचा धडा आहे, तोही जोडता आला तर बरं.

भूगोलवाली_धरमपेठ :
हो, आणि यावर मला जरा मोठं लिहायचं आहे.

2023 च्या 23 सप्टेंबरची पहाट आठवा. काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस, अंबाझरी भरून वाहू लागला, नाग नदी घरांत शिरली, अंबाझरी लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनीपासून पुढे कितीतरी वस्त्या पाण्यात, माणसं गेली. आमच्या वर्गातल्या काही मुलांच्या घरी पाणी आलं होतं. तेव्हा टीव्हीवर, पेपरात सगळं आलं, पण पाणी इथेच का आलं आणि दोन गल्ल्या सोडून का नाही आलं, हे मुलांना कोणी समजावून दिलं नव्हतं.

मी त्याचा नकाशा करवून घेते. वर्गातल्या ज्यांना सांगायचं आहे त्यांनीच सांगायचं, कोणालाही जबरदस्ती नाही, कारण ज्यांचं घरातलं सगळं गेलं त्या मुलाला तासाला उभं करून विचारणं क्रूरपणा आहे. मग गट करून भागात जायचं, दिवसा, शिक्षक आणि पालक सोबत. लोकांना विचारायचं पाणी कुठपर्यंत आलं होतं. घोट्यापर्यंत, गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, त्याच्या वर. लोक भिंतीवरची रेघच दाखवतात. घराचा नंबर लिहायचा नाही, गल्लीचं टोक किंवा चौक लिहायचा. ही झाली क्षेत्रभेट, प्रश्नावलीसकट.

शाळेत आल्यावर यूमॅपवर टिंबं. पाण्याच्या उंचीप्रमाणे टिंबाचा रंग गडद. ही टिंब पद्धत पुस्तकातल्यासारखी तंतोतंत नाही कारण तिथे टिंबाला संख्यामूल्य असतं, हा फरकसुद्धा मुलांकडूनच काढून घ्या. मग त्याच माहितीवर कागदावर पाण्याची उंची सारखी असलेली ठिकाणं जोडणाऱ्या रेषा, झाली सममूल्य पद्धत. छाया पद्धतीसाठी, म्हणजे आकडा जितका मोठा तितका त्या भागाचा रंग गडद, वॉर्डनिहाय जनगणनेचे आकडे घ्या.

त्यानंतर गूगल अर्थ प्रोमध्ये नदीला आडवी रेघ ओढून उंचीचा आलेख काढायचा, आणि जुने उपग्रह फोटो एकापाठोपाठ एक पाहायचे, त्यात वर्षाचा सरकपट्टा असतो. नदीच्या काठावर काय काय वाढत गेलं, मोकळी जागा कुठे होती, पात्र कुठे आवळलं गेलं. मुलं जे निष्कर्ष काढतात ते ऐकण्यासारखे असतात. एक मुलगा म्हणाला, मॅडम नदी आपल्या घरात नाही आली, आपणच तिच्या जागेत जाऊन बसलो. मी हे शिकवलं नव्हतं.

रास्टर_व्हेक्टर :
मॅडम हे वाचून अंगावर काटा आला. एक भर घालतो, 30 मीटरच्या चौकोनाची उंची शहरातल्या पुरासाठी फार ढोबळ आहे, दोन गल्ल्यांतला फरक त्यात नीट येणार नाही. त्यामुळे पोरांनी लोकांना विचारून आणलेली माहिती त्या आलेखापेक्षा जास्त मोलाची आहे, हे त्यांना जरूर सांगा. लॅबमध्ये बसून ती मिळत नाही.

तलावांसाठी कोपर्निकस ब्राउझर हे उपग्रहाच्या फोटोंचं संकेतस्थळ पाहा. युरोपचे सेंटिनेल-2 उपग्रह, 10 मीटरचा पिक्सेल, साधारण पाच दिवसांनी नवा फोटो, सगळं फुकट. आपल्या पाण्याचं धरण, तोतलाडोह, एप्रिल-मेमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये शेजारी शेजारी ठेवा, नळाला पाणी कुठून येतं ते एका नजरेत दिसते. 2020 च्या जूनमध्ये लोणारचं पाणी गुलाबी झालं होतं तेही त्यात सापडते, आणि लोणारच्या सगळ्या विवराचा, काठापासून काठापर्यंत, व्यास मोजायला लावा, 1.8 किलोमीटरच्या आसपास यायला पाहिजे. उमरेडकडच्या कोळशाच्या खुल्या खाणी गूगल अर्थच्या टाइमलॅप्समध्ये पाहा, 1984 पासूनची चित्रं आहेत.

आणि आपण नागपुरात आहोत हे विसरू नका. महाराष्ट्र रिमोट सेन्सिंग सेंटर व्हीएनआयटीच्या आवारात, राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण ब्युरो अमरावती रोडला, इस्रोचं प्रादेशिक केंद्रही इथेच. राज्याचे नि देशाचे नकाशे जिथे होतात ते गाव आहे हे. शाळेने रीतसर पत्र लिहून भेट मागायला काय हरकत आहे?

आई_मानेवाडा :
मॅडम, तुमचे नियम वाचून बरं वाटलं. मुलीच्या शाळेत दाखवू का हा धागा? आणि घरी, फोन तिच्या हातात न देता, मी तिच्यासोबत बसून काही करू शकते का? भूगोल मला स्वतःला कधी आवडला नाही पण आता करून पाहावंसं वाटतंय.

भूगोलवाली_धरमपेठ :
अगदी दाखवा ताई. घरी करायला सोपं सांगते. लॅपटॉपवर गूगल अर्थ उघडा, मोजपट्टीचं चिन्ह दाबा, झिरो माइलपासून कन्याकुमारीपर्यंत सरळ रेघ ओढा. मग झिरो माइलपासून लेहपर्यंत. आधी तिला विचारा कोणतं लांब असेल, बहुतेक मुलं लेह म्हणतात कारण डोंगर, बर्फ, लांबचा प्रवास. दोन्ही साधारण 1450 किलोमीटर निघतं. मग भुज आणि कोलकाता ओढा. त्यातून ती स्वतःच विचारेल की मग भारताचा मध्य नेमका कुठला आणि तो काढायचा कसा, दगड आहे म्हणून की मोजून. तिचं उत्तर काय येतं ते इथे लिहा, वाट पाहतेय.

काटोलचा_मास्तर :
मॅडम, पुराच्या क्षेत्रभेटीची प्रश्नावली इथे टाकता का? आमच्या इकडे पूर नाही पण उन्हाळ्यात विहिरी आटते. कोणती विहीर कोणत्या महिन्यात आटते ते लोकांना तोंडपाठ आहे, तेवढेच प्रश्न बदलून पोट्ट्यांकडून तसाच नकाशा करून घेतो. आलेख कागद माझ्याकडे आहेतच.

भूगोलवाली_धरमपेठ :
टाकते सर, रविवारी टाइप करून टाकते. विहिरींसाठी दोन प्रश्न आत्ताच वाढवून ठेवा, विहिरीची खोली आणि जवळचा नाला किती लांब. नकाशा झाला की नाल्याजवळच्या विहिरी खरंच उशिरा आटतात का ते तुमची मुलं तपासून सांगतील.